आलमबागेतलं सार्वमत

लखनौहून समुद्राकडे निघालेल्या माणसाला दिशा निवडण्याचं पूर्ण स्वातंत्र्य असतं, कारण समुद्र सगळीकडूनच लांब आहे. पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, रेल्वेनं हजारेक किलोमीटर तोडल्याशिवाय खाऱ्या वाऱ्याचा वास येत नाही. मुंबईकर शनिवारी सकाळी अलिबागची लाँच पकडतो आणि रविवारी संध्याकाळी चपलांतली वाळू झाडत घरी येतो. आलमबागेतल्या मराठी कुटुंबाला हे सुख नाही. त्यांच्या नशिबी समुद्र येतो तो काही वर्षांतून एकदा. त्यासाठीही रेल्वेचा पास, बँकेची रजा, शाळेची सुट्टी आणि आजीचे गुडघे या चारही खात्यांची मंजुरी लागते. आता एवढ्या खटपटीनं जायचं, तर नुसतं पाणी बघून परत कसं यायचं? काहीतरी ‘बघण्यासारखं’ हवंच. जुनी चर्चं, कौलारू बंगले, पिवळ्या भिंती, वाचता न येणाऱ्या नावांचे रस्ते. असं म्हटलं की यादीत दोनच नावं उरतात, गोवा आणि पाँडिचेरी. मग घरात तट पडतात.

आलमबागेत मराठी माणूस करतो काय, असा प्रश्न पुण्यातल्या नातेवाइकांना दर लग्नात पडतो. बहुतेक वेळा उत्तर रेल्वे हेच असतं. चारबागचं स्टेशन, तिथलं लोको आणि आलमबागचं कॅरेज-वॅगन वर्कशॉप यांनी देशभरची माणसं इथे आणली. नोकरी संपली तरी काही जण गावी परतले नाहीत. आजूबाजूला फाळणीनंतर आलेली पंजाबी आणि सिंधी घरं, डोक्यावरून २०१७ पासून मेट्रो, अमौसीचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. या वातावरणात वाढलेला नातू ‘आई, मी खेळायला जा रहा आहे’ असं एका दमात दोन भाषांत सांगतो आणि कुणालाही त्यात काही चुकलं असं वाटत नाही.

नमुन्यादाखल असं एक घर घेऊ. अण्णा वर्कशॉपमधून निवृत्त, मूळ सावंतवाडीकडचे. इतिहास हा त्यांचा विषय, आणि ऐकणारा सापडला की तो बराच वेळ चालतो. आजींचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. मुलगा बँकेत. सून पुण्याची, तिला ‘शांत’ ठिकाण हवं असतं. नात कॉलेजात, तिला ते शांत ठिकाण फोटोत चांगलं दिसायला हवं असतं. नातू आठवीत, त्याला बूड ओलं झालं की पुरे. एकूण मतदार सहा. याखेरीज समोरचे पापाजी. त्यांना मताधिकार नाही, पण चहाच्या वेळी ते सभागृहात हजर असतात.

आधी गोव्याची बाजू. ती मांडायला आजींना भाषण करावं लागत नाही, ‘देवीचं बोलावणं आलंय’ एवढं म्हटलं की झालं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५६०च्या सुमारास देवळांवर अशी संक्रांत आली, की माणसांनी रातोरात देव उचलून नदीपलीकडे अंत्रूज महालात नेले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आज फोंड्याच्या परिसरात जी देवळं दिसतात, त्यातले कितीतरी देव असे बिऱ्हाड बदललेले आहेत. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात पोर्तुगीज वारसा म्हणजे पांढरीशुभ्र चर्चं. आजींच्या लेखी तो वारसा म्हणजे देवीला घर सोडावं लागलं तो. समोरच्या पापाजींना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. त्यांच्या वडिलांनी लाहोरहून येताना गुरु ग्रंथसाहिब डोक्यावर आणला होता. ‘माताजी, आप तो गोवा ही जाइए,’ असं म्हणून त्यांनी मताधिकार नसताना मत देऊन टाकलं.

मुलाची कारणं वेगळी. तो ‘वारसा’ हा शब्द जरा जपून उच्चारतो. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही माहिती त्याच्याकडे तारखेसकट आहे. बाकी गोव्याच्या इतिहासातली दुसरी एकही तारीख त्याला सांगता येत नाही. पाँडिचेरीतही करांमुळे बाटली स्वस्त असते, हे सहकाऱ्याकडून कळल्यापासून मात्र तो तटस्थ झाला. बायकोनं त्याच्या तटस्थतेचं कारण विचारलं नाही. तिला ते ठाऊक होतं.

पाँडिचेरीची बाजू सुनेनं आणि नातीनं मिळून मांडली. कागदोपत्री नाव २००६ पासून पुद्दुचेरी, पण तिथून येणारा प्रत्येक जण ‘पाँडी’च म्हणतो. फ्रेंच कंपनीच्या फ्रान्स्वा मार्टिननं १६७४ मध्ये तिथे बस्तान बसवलं. त्यानंतर डच आले, इंग्रज आले, गाव हातोहात फिरलं. १७६१ मध्ये तर इंग्रजांनी ते जिंकून जमीनदोस्त केलं. १८१६ मध्ये पुन्हा फ्रेंचांकडे आलं, ते १९५४ पर्यंत राहिलं. त्यामुळे आज जे ‘फ्रेंच पाँडिचेरी’ म्हणून फोटोत येतं, ती आखणी जुनी असली तरी बरीचशी घरं नंतरची. समुद्राला समांतर सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे दुसरे रस्ते, मध्ये एक कालवा. कालव्याच्या समुद्राकडच्या बाजूला मोहरी रंगाच्या भिंती आणि बोगनवेल, दुसऱ्या बाजूला ओसरी-खांबांची तमिळ घरं. रस्त्यांना ड्युमा, सफ्रॅ, रोमाँ रोलाँ अशी नावं. वाहतुकीचा पोलीस खाकी गणवेशावर उभट लाल टोपी घालतो. ती टोपी फ्रेंच अमलातली, शिट्टी मात्र आपल्याकडचीच.

‘आणि सगळं चालत बघता येतं,’ सून म्हणाली. या एका वाक्यानं आजींच्या गुडघ्यांचे कान टवकारले. समुद्राकाठचा गुबेर मार्ग जेमतेम दीड किलोमीटर, संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत वाहनांना बंद. त्या वेळात अख्खं गाव तिथे पाय मोकळे करायला येतं. आजी म्हणाल्या, ‘चालायला जागा आहे ते ठीक, पण देव आहे का तिथे?’

आहे. फ्रेंच वस्तीच्या ऐन मध्यावर मनकुळ विनायगराचं देऊळ आहे, फ्रेंच येण्याच्या आधीपासूनचं. भोवती गाव बदललं, सत्ता बदलल्या, गणपती जागचा हलला नाही. आजींनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, ‘बघू.’ मराठी घरात ‘बघू’ या शब्दानं कित्येक सत्तांतरं घडलेली आहेत.

अण्णा तोवर पेपर वाचत असल्याचं नाटक करत होते. आता त्यांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे आता किमान अर्धा तास. त्यांचं म्हणणं असं, की पोर्तुगीजच बघायचे तर गोव्यापर्यंत जायचं कारण काय? वसई आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली. रेवदंडा आहे, कोर्लई आहे. कोर्लई गावात अजूनही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. गोव्याला जायचंच तर संभाजी महाराज १६८३ मध्ये कुठवर आले होते ते आधी बघायचं. मराठे जुवे बेटापर्यंत पोचले तेव्हा विजरईनं आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला आणि ‘आता तूच वाचव’ म्हणून धावा केला. इतक्यात मोगल फौज कोकणात उतरली आणि महाराजांना मागे फिरावं लागलं. झेवियरच्या शवाचं जाहीर दर्शन दर दहा वर्षांनी होतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. ‘म्हणजे ते हुकलंच,’ अण्णा म्हणाले, आणि गोव्याच्या खात्यातून एक गुण वजा केला.

नातीनं नेमका इथे डाव टाकला. ‘अण्णा, पाँडिचेरीहून जिंजी सत्तर किलोमीटर आहे.’

यानंतर बराच वेळ कुणाला बोलता आलं नाही, कारण अण्णा बोलत होते. जिंजी शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतली. राजाराम महाराजांनी मोगलांचा वेढा पडलेला असताना तिथून जवळपास आठ वर्षं स्वराज्य चालवलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्यातले अकरा महाराष्ट्रात, बारावा हा. आणि पाँडिचेरीत फ्रेंचांना राहू दिलं कुणी? १६७७ च्या त्या स्वारीत मार्टिननं शिवाजी महाराजांकडे वकील पाठवला आणि महाराजांनी अभय दिलं म्हणून ते राहिले! गावातल्या गांधींच्या पुतळ्याभोवती जे कोरीव दगडी खांब आहेत, तेही जिंजीहूनच आणलेले सांगतात. ‘म्हणजे वारसा कुणाचा?’ अण्णांनी विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही, कारण ते प्रश्नातच दिलेलं होतं. पुढे तंजावर आहेच, भोसल्यांचा वाडा आणि सरस्वती महाल. फ्रेंच वसाहत बघायला निघालेली सहल अर्ध्या तासात दक्षिणदिग्विजय होऊन बसली.

मराठी कुटुंबाचं हे असंच असतं. माहितीपत्रक ‘वसाहतकालीन वारसा’ म्हणून हाक मारतं, त्यांना मात्र तिथे गेल्यावर तीनच गोष्टी शोधायच्या असतात: देव, किल्ला आणि मनासारखं जेवण. पोर्तुगीज असोत वा फ्रेंच, ते बिचारे या तिघांच्या मधल्या वेळात बघून घ्यायचे.

नातीनं आणखी एक पुरावा दिला, तोही लखनौचा. शहराची शान म्हणून जिचा फोटो निघतो ती ला मार्टिनियरची इमारत बांधली क्लॉड मार्टिननं. हा लियोंचा माणूस फ्रेंचांचा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला, कर्नाटकातल्या लढायांत लढला. पाँडिचेरी पडली तशी इंग्रजांच्या चाकरीत शिरला आणि अखेर लखनौला येऊन नवाबांच्या कृपेनं गबर झाला. १८०० मध्ये इथेच वारला. त्याला पुरलंय ते त्याच इमारतीच्या तळघरात. ‘तो पाँडिचेरीहून इकडे आला, आपण इकडून तिकडे जाऊ,’ नात म्हणाली. ‘तो आला तेव्हा रिझर्वेशन नव्हतं,’ तिचा बाप म्हणाला.

जेवणाच्या प्रश्नावर चर्चा तापली. आजी लखनौत इतकी वर्षं राहिल्या, पण रोहू आणि कतला यांना त्या मासे म्हणत नाहीत, ‘नदीतलं काहीतरी’ म्हणतात. गोव्यात सुरमई, बांगडा, तिसऱ्या, सोलकढी आणि वर सगळं मराठीत मागता येतं. पणजीच्या बाजारात सकाळी मराठी पेपर मिळतो, हाही अण्णांच्या दृष्टीनं जेवणाचाच भाग. खरा गोवा मात्र हॉटेलात नसतो, तो पहाटे गल्लीत येतो. सायकलच्या मागच्या कॅरिअरला बांबूची मोठी टोपली, तिच्यावर प्लास्टिकचा कागद, हँडलला रबरी भोंगा. भोंगा वाजला की बायका पिशवी घेऊन दारात येतात. पोदेर, म्हणजे पाववाला, पाय जमिनीला टेकवून सायकल तिरपी धरतो, कागद उचलतो आणि आतून वाफेसकट पोई काढून देतो. पोई गोल, आत पोकळ, वर कोंडा चिकटलेला. पाव भाजायची ही विद्या पाद्र्यांबरोबर आली, आणि तो फुगवायला यीस्ट कुठलं, तर इथल्याच माडाची ताडी वापरली गेली. सुनेला हे इतकं आवडलं की तिनं क्षणभर बाजू बदलली. मग तिला पाँडिचेरीतले क्रॉसाँ आठवले आणि ती परत आली. ‘आई, तिकडे फिल्टर कॉफी पण असते,’ तिनं सासूबाईंना सांगितलं. आजी म्हणाल्या, ‘पोळी मिळेल का?’ सभा तहकूब.

दुसऱ्या दिवशी मुलानं प्रवासाचा हिशेब मांडला. गोव्याला जायचं तर संध्याकाळी पुष्पक पकडून दुसऱ्या दिवशी रात्री मुंबई, तिथून कोकणकन्या. चेन्नईच्या गाडीत बसलं तरी दोन रात्री, वर तिथून पाँडिचेरीपर्यंत दीडशे किलोमीटर रस्ता. म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन रात्री, आणि दोन-दोन रात्रींचे डबे. विमानानं जायचं म्हटलं तर गोव्यात २०२३ पासून दोन विमानतळ झालेत, जुना दाबोळी आणि पेडण्याचा मोपा. दक्षिण गोव्यात हॉटेल घ्यायचं आणि मोपाला उतरायचं, असं केलं की टॅक्सीवाला उरलेल्या सहलीचे पैसे पहिल्याच दिवशी घेतो. तिथे ओला-उबरवर विसंबता येत नाही. पाँडिचेरीत सायकल भाड्यानं मिळते. आजींना सायकलवर बसवण्याची कल्पना नातवानं मांडली, ती हसण्यावारी गेली. पण अण्णा गंभीरपणे विचार करत होते, असं नंतर कळलं.

सूर्याचाही प्रश्न होता. गोव्यात तो समुद्रात मावळतो, म्हणजे दुपारी झोपून उठल्यावर सावकाश गेलं तरी चालतं. पाँडिचेरीत तो समुद्रातून उगवतो, म्हणजे पहाटे साडेपाचला उठून दगडांवर जाऊन बसायचं. शहराची वाळू तर बंदर झाल्यावर समुद्रानं ओढून नेली. मग किनारा राखायला दगड टाकले, आणि अलीकडे थोडी वाळू माणसांनी परत आणली. नातवानं ही माहिती ऐकून लगेच गोव्याला मत दिलं. पोहायला वाळू हवी आणि उठायला सात वाजायला हवेत, एवढाच त्याचा जाहीरनामा.

मग अण्णांनीच मतदानाचा ठराव मांडला. त्यांच्या मते या दोन गावांचा निवाडा मतांनीच व्हावा, कारण त्या दोघांचंही भवितव्य तसंच ठरलं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली आणि पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांनी फूल पडलं, आणि १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झालं. पाँडिचेरीचं काम त्यामानानं आटोपशीर. १८ ऑक्टोबर १९५४ ला कीळूर गावी निवडून आलेले १७८ प्रतिनिधी जमले. १७० जणांनी भारतात यायच्या बाजूनं मत दिलं, आठ जणांनी विरोधात. १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. कागद मात्र फ्रान्सहून पक्के होऊन यायला १९६२ उजाडलं. गोव्याला त्याआधीच, १९ डिसेंबर १९६१ ला, सैन्य पाठवून मोकळं करावं लागलं होतं. फ्रेंच सह्या करून गेले आणि पोर्तुगीज शरण येऊन गेले, एवढा दोघांच्या निरोपात फरक.

दोघांनीही मागे एक रांग ठेवली, ती मात्र सारखीच. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, त्यामुळे जुने जन्मदाखले शोधणारी माणसं गोव्यात अजून दिसतात. पाँडिचेरीत फ्रेंच नागरिकत्व राखलेली तमिळ कुटुंबं आहेत, आणि फ्रान्सची निवडणूक आली की ती पाँडिचेरीतच मतदान करतात. वारसा म्हटल्यावर लोक चर्चच्या कमानी दाखवतात. खरा चालू वारसा खिडकीपुढच्या रांगेत, फाईल काखेत धरून उभा आहे.

मतदानाची तयारी झाली. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, स्टीलचा डबा. गोव्याला फूल आणि पाँडिचेरीला दोन पानं, अशी चिन्हं सुनेनं ठरवली. अण्णा भडकले. ‘पानं गोव्याची होती!’ १९६७ चा तो पराभव त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही, त्या वेळी ते शाळेत असले तरी. शेवटी चिन्हं रद्द होऊन नावं लिहायचं ठरलं.

निकाल असा: गोवा दोन, पाँडिचेरी तीन, अंदमान एक.

अंदमान कुणी लिहिलं हे शोधायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागला नाही. अण्णांनी खुलासा केला. वसाहतवालेच बघायचे तर इंग्रजांनी काय घोडं मारलंय? आणि इंग्रज तर आपल्या घराशीच आहेत. आलमबाग वाजिद अली शाहनं आपल्या बेगमेसाठी बांधली. १८५७ मध्ये इंग्रजांनी ती घेतली आणि पुढचे काही महिने त्यांचा सेनापती औट्रम तिथे ठाण मांडून बसला. चंदरनगरात ज्या जुन्या दरवाजाजवळ सकाळी भाजी घेताना दोन रुपयांसाठी वाद होतो, तो त्याच बागेचा दरवाजा. २४ नोव्हेंबर १८५७ ला लखनौच्याच दिलखुशात त्यांचा दुसरा सेनापती हॅवलॉक अतिसारानं मेला आणि त्याला आणून पुरलं आलमबागेतच. आंब्याचं झाड खूण म्हणून, आणि त्याच्या बुंध्यावर कोरलेलं एक अक्षर. नंतर थडग्यावर मोठा स्तंभ उभा राहिला. इतर इंग्रज अधिकारीही लखनौतच संपले, नील २५ सप्टेंबरला आणि हेन्री लॉरेन्स ४ जुलैला. या सगळ्यांची नावं कुठे मिळतात? अंदमानातल्या बेटांना! हॅवलॉक, नील, औट्रम, लॉरेन्स, सगळी लखनौची मंडळी तिकडे निळ्या पाण्यात. ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. तरी पर्यटक अजून ‘हॅवलॉकला जाऊन आलो’ म्हणतात. ‘जाऊन आलो म्हणे! अरे, तो इथे मागच्या गल्लीत आहे,’ अण्णा म्हणाले. शिवाय २०२४ पर्यंत जे पोर्ट ब्लेअर होतं तिथे सेल्युलर जेल आहे, सावरकर १९११ मध्ये तिथे नेले गेले, त्यामुळे तिथे मराठी माणूस तीर्थयात्रेसारखा जातोच.

युक्तिवाद बिनतोड होता, पण अंदमानचा खर्च मुलानं मोबाईलवर काढला आणि प्रस्ताव अनामत रकमेसह बुडाला. हॅवलॉकच्या थडग्याला मात्र इतकी वर्षं घरातलं कुणीच गेलं नव्हतं, हेही त्या निमित्तानं उघड झालं. ‘ते काय, कधीही जाता येईल,’ सगळे एकमतानं म्हणाले. अण्णांसकट.

खरा निकाल चिठ्ठ्यांनी लागलाच नाही, तो लागला भिंतीवरच्या कालनिर्णयनं. पाँडिचेरीला पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. सगळ्या देशात दिवाळीला आकाश निवळतं, तेव्हा तिथे ते भरून येतं. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ त्याच भागात धडकलं. चोवीस तासांत चाळीस सेंटिमीटरहून जास्त पाऊस पडला, आणि ज्या गल्ल्यांत एरवी फोटो काढतात तिथे होड्या फिरल्या. म्हणजे दिवाळी बाद. मे महिन्यात तिथला उकाडा लखनौकरांनाही लाजवेल, तोही घामासकट. म्हणजे उन्हाळी सुट्टी बाद. गोव्याचं वेळापत्रक उलटं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत समुद्रात उतरायचं नाही. दिवाळीनंतर हवा सुंदर, पण नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात हॉटेलवाले दर सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला आपणच पोर्तुगालला निघालोय असं वाटतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात लखनौच्या शाळांना थंडीची सुट्टी असते, धुकं पडतं आणि गाड्या सहा-सहा तास उशिरा धावतात.

तेव्हा आलमबागेतल्या, आणि एकूणच समुद्रापासून लांब पडलेल्या, मराठी घरांसाठी निवाडा असा. दिवाळीला जोडून जायचं असेल तर वाद घालू नका, गोव्याला जा. कुलदैवत तिकडे असेल तर पहिला दिवस फोंड्याला द्या. मग पणजीच्या फोंतैन्यातली रंगीत घरं, मग जुन्या गोव्यातलं बाँ जेझूचं चर्च, आणि समुद्र शेवटी. तो कुठे जात नाही. घरात मोठी माणसं असतील, चालत फिरायची आवड असेल आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मुलांची शाळा चार दिवस बुडवायची तयारी असेल, तर पाँडिचेरी उत्तम. तिथे तीन दिवस पुरतात, आणि एक दिवस जिंजीला ठेवावा. किल्ल्याच्या पायऱ्या मात्र उन्हाआधी चढाव्यात, आणि आजींनी खाली सावलीत बसावं. दोन्ही ठिकाणं एकाच सहलीत कोंबण्याचा मोह टाळावा, त्यात फक्त रेल्वेचा फायदा होतो. आणि सार्वमत घरात घ्यायचंच असेल तर लवकर घ्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० नव्हे, फक्त ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठ वाजता. पुष्पकमध्ये एकाच डब्यात सहा बर्थ हवे असतील तर भांडण एकसष्टाव्या दिवशी मिटलेलं असलं पाहिजे.